टीएमटी : पॅकेजमधली चाचणी आणि हातात पडणारी फाईल

पणजी असो, म्हापसा असो की मडगाव, हृदयतपासणीचे पॅकेज घेतले की त्यात टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, बहुधा असतोच. अर्ध्या तासात काम आटोपते आणि दहाबारा पानांची फाईल मिळते. घरी सगळे फक्त शेवटची ओळ वाचतात : निगेटिव्ह की पॉझिटिव्ह. त्या फाईलमधली सर्वांत कमी कामाची ओळ तीच. सेंटर चांगले की सुमार, हे आधीच्या पानांवरून कळते.

पहिल्या पानावर चार गोष्टी हव्यात : प्रोटोकॉल, किती मिनिटे चाललात, ठोके कुठवर गेले आणि चाचणी का थांबवली. प्रोटोकॉल, म्हणजे वेग आणि चढ वाढवण्याचा ठरलेला क्रम, बहुधा ब्रूस असतो. ताशी 2.7 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ यापासून सुरुवात होते. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात : 4 किलोमीटर आणि 12 टक्के, मग साधारण साडेपाच किलोमीटर आणि 14 टक्के. नऊ मिनिटे पुरी झाली की सुमारे 10 मेट्स, म्हणजे स्वस्थ बसलेले असताना लागतो त्याच्या दसपट प्राणवायू शरीराने वापरला. मात्र पुढचा दांडा घट्ट धरून चाललात तर हा आकडा फुगतो. बोटे टेकवण्यापुरताच आधार घ्यावा, आणि तंत्रज्ञाने तसे बजावायला हवे.

ठोक्यांचा हिशेब सोपा आहे. 220 मधून वय वजा करायचे आणि त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत पोचायचे. पन्नाशीच्या माणसाचे कमाल ठोके 170, म्हणून लक्ष्य 145 च्या आसपास. चाचणी 120 वर थांबली आणि खाली 'निगेटिव्ह' छापले असेल, तर त्या शब्दाला अर्थ नाही. तिथे 'अपुरी चाचणी' असे लिहायला हवे होते. अशा फाईली कमी नसतात. गुडघे दुखतात, धाप लागते, किंवा मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असते आणि ती ठोके वाढूच देत नाही. निदानासाठी चाचणी असेल तर डॉक्टर ही गोळी एकदोन दिवस आधी थांबवायला सांगू शकतात. आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. नाव नोंदवतानाच 'गोळ्या कोणत्या चालू आहेत?' असे विचारणारे सेंटर असेल, तर अर्धी परीक्षा तिथेच पास.

आता ईसीजी. हृदयाला रक्त कमी पडले की एसटीचा भाग, म्हणजे ईसीजीच्या रेषेतला प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा, खाली जातो. 1 मिलिमीटर, म्हणजे कागदावरचा एक छोटा चौकोन, किंवा त्याहून जास्त घसरण, तीही सपाट किंवा उतरती असली तर ती पॉझिटिव्ह धरतात. क्यूआरएस, म्हणजे ते उंच टोक, जिथे संपते त्या जे बिंदूपासून साधारण दोन छोटे चौकोन पुढे मोजायचे. झपाट्याने वर चढणारी रेषा बहुधा निरुपद्रवी असते. यंत्र अनेक ठोक्यांची सरासरी काढून गुळगुळीत आकृती छापते, आणि गफलत तिथेच होते. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने चिकटपट्ट्या सुटतात, रेषा डुलते आणि सरासरीत खोटी घसरण उमटते. म्हणून छातीवरचे केस काढणे, स्पिरिटने पुसणे, त्वचा हलकेच घासणे, यात आळस चालत नाही. फाईलमध्ये सरासरीबरोबर मूळ पट्ट्याही, म्हणजे सरासरी न काढलेल्या ईसीजीचे कागदही, हवेतच.

खोट्या पॉझिटिव्हची आणखीही कारणे आहेत : रक्तक्षय, हृदयाचा जाड झालेला डावा कप्पा, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध. बायकांमध्येही ते जास्त दिसते. आधीच्या ईसीजीत डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवाटेतला अडथळा) असेल तर टीएमटी करूच नये. एसटी वाचताच येत नाही, मग स्ट्रेस इको (ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) किंवा थॅलियम (हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे स्कॅन) बघावे. उलट बाजूही आहे. ही चाचणी मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले सुमारे 70 टक्क्यांच्या पुढचे अडथळे पकडते. रक्तवाहिनीतला चरबीचा लहान थर फुटून गुठळी झाली तर निगेटिव्ह रिपोर्टवाल्यालाही झटका येतो.

ड्यूक स्कोअर, म्हणजे चाचणीवरून धोका किती ते सांगणारा अंक, छापलेला नसेल तर घरी काढता येतो. ब्रूसवर चाललेली मिनिटे घ्या, एसटीच्या घसरणीचे मिलिमीटर गुणिले 5 वजा करा, आणि छातीदुखीचा अंक गुणिले 4 वजा करा. दुखले नाही तर 0, दुखले पण चालता आले तर 1, त्यासाठी थांबावे लागले तर 2. उत्तर 5 किंवा वर आले तर धोका कमी, उणे 11 किंवा खाली आले तर जास्त, मधले मध्यम. चार मिनिटे, 2 मिलिमीटर आणि दुखण्याने थांबलेला रुग्ण : 4 वजा 10 वजा 8, म्हणजे उणे 14. अशाने कार्डिओलॉजिस्टकडे जायला आठवडा लावू नये.

रांग लांब असली की काही ठिकाणी थांबल्यावर दोन मिनिटांत वायरी काढतात. हा मोठा दोष. बदल कधीकधी विश्रांतीतच दिसतात, त्यामुळे किमान सहा मिनिटे नोंद हवी. सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात ठोके 12 किंवा त्याहून कमीच उतरले, तर तेही चांगले लक्षण नाही. वरचा रक्तदाब चालताना वाढायला हवा. तो घसरला तर चाचणी थांबवतात. त्यासाठी खोलीत डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे यंत्र) दोन्ही हवेत. डॉक्टर नंतर येऊन सही करणार असतील, तर सरळ परत फिरावे.

चढ चढताना छाती दडपते, पण चालता येते आणि साधा ईसीजी ठीक आहे, अशा माणसासाठी ही चाचणी पैसे वसूल आहे. कसलाही त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसासाठी ती पॅकेजची भरती. बसल्या जागी छाती दुखत असेल तर सेंटर शोधायचे नाही, 108 लावायचा.

जाताना बूट घालावेत, दोनतीन तास आधी हलके खावे. चहा, कॉफी, सिगारेट नको, आणि भाजी-पाव परतल्यावर. पट्ट्या थर्मल कागदावर असतील तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. तो कागद पुसट होतो, आणि बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत डॉक्टर नेमक्या त्याच पट्ट्या मागतात.