आतड्यातील सूक्ष्मजीवांची घरगुती चाचणी : नावे मिळाली, शंभरपैकी गुण मात्र कशाचे?

आतड्यातील सूक्ष्मजीवांची घरबसल्या चाचणी करून देणाऱ्या एका कंपनीचा संच मी मागवला, वापरला आणि त्याचा अहवाल दोनदा वाचून काढला. कंपनीचे नाव देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते या चाचणीच्या मर्यादांविषयी.

संचाची मांडणी उत्तम आहे. झाकणालाच जोडलेल्या छोट्या चमच्याने विष्ठेचा वाटाण्याएवढा नमुना घ्यायचा, नळीतल्या द्रवात बुडवायचा आणि ढगळ होईपर्यंत हलवायचा. हा द्रव महत्त्वाचा असतो, कारण तो नसेल तर प्रवासात प्राणवायू सोसणारे जिवाणू वाढत राहतात आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मूळचे प्रमाण बदलून जाते. सूचना इतक्या स्पष्ट होत्या की किळस किंवा संकोच वाटायला वावच राहिला नाही.

अहवालात जिवाणूंची लांबलचक यादी होती. अशा चाचण्यांप्रमाणे येथेही जिवाणूंमधील सुमारे 1500 डीएनए-अक्षरांच्या ‘16 एस’ जनुकाचा एक तुकडा वाचून त्यावरून ओळख पटवली होती. या पद्धतीने प्रजातीपर्यंत खात्रीने पोहोचणे अनेकदा जमत नाही. शिवाय हाती येते ते प्रमाण, प्रत्यक्ष संख्या नव्हे, म्हणून एक गट घटला की दुसरा न वाढताही वाढलेला दिसतो. यातले काहीच अहवालात सांगितलेले नाही.

पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत ‘आतड्याचे आरोग्य : 100 पैकी 58’ असे छापले होते, आणि माझा खरा आक्षेप या आकड्याला आहे. मानवी सूक्ष्मजीव प्रकल्पाने 2012 साली 242 निरोगी प्रौढांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा धडधाकट माणसांच्या आतड्यांतील जिवाणूसुद्धा एकमेकांपेक्षा किती वेगळे असतात हेच प्रकर्षाने दिसले. निरोगी आतड्याचा सर्वमान्य नमुनाच जिथे ठरलेला नाही, तिथे 58 गुण कोणत्या उत्तरपत्रिकेशी ताडून दिले?

त्याहून खटकलेली गोष्ट पुढे आहे. नमुना देण्याच्या तीन आठवडे आधी मी प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केला होता. प्रश्नावलीत त्याविषयी एकही प्रश्न नव्हता. अहवालाने ‘विविधता कमी’ असा शेरा मारून त्याच कंपनीच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या, गोळ्या सुचवल्या. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रतिजैविकांनंतर 11 प्रकारचे जिवाणू असलेले प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळची वस्ती, काहीही न घेणाऱ्यांच्या तुलनेत उशिरा परतली होती. स्वयंसेवक अवघे 21 होते, त्यामुळे त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. पण औषधाविषयी विचारपूससुद्धा न करता गोळ्या सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

या विषयावर माझा विश्वास नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू जे ब्युटिरेट नावाचे आम्लद्रव्य तयार करतात, त्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा भागवतात. तीव्र जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निरोगी दात्याच्या विष्ठेचे द्रावण एकदाच दिल्यावर 16 पैकी 13 जण बरे झाले. जिवाणूंचे सामर्थ्य इतके खरे असल्यामुळेच त्यांच्या नावाने दिलेला मोघम आकडा मला सलतो.

केवळ कुतूहल म्हणून आपल्या आतड्यातील रहिवाशांची नावे पाहायची असतील, तर संच घ्यायला हरकत नाही. पण शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर यावर विसंबून दिवस घालवू नयेत. ‘ही चाचणी रोगनिदानासाठी नाही’ हे वाक्य अहवालातही आहे, फक्त ते शेवटच्या पानाच्या तळाशी, सर्वांत बारीक टाइपात आहे.