कॅचर बदलला तेव्हा: बेसबॉल सॅव्हंट वापरून पाहिल्यावर

बेसबॉलमधला कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा बॅटरमागे बसणारा खेळाडू, यादिएर मोलिना निवृत्त झाला तेव्हा मला त्याच्या बॅटिंगची नाही, पिचर म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मंडळींची काळजी लागली होती. 2004 ते 2022, सलग 19 सीझन सेंट लुईस कार्डिनल्स या संघाच्या होम प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी, तोच. एकट्या अ‍ॅडम वेनराइट या पिचरबरोबर 328 सामन्यांची सुरुवात केली त्याने, आणि तो मेजर लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, विक्रम आहे. त्याच्या जागी विल्सन कॉन्ट्रेरास आला, 5 वर्षांसाठी 8 कोटी 75 लाख डॉलरचा करार करून. मे 2023 उजाडला, संघ 10 विजय आणि 24 पराभवांवर अडकला, आणि संघाने जाहीर करून टाकलं की सध्या कॉन्ट्रेरास कॅचिंग करणार नाही.

मला ते फार लागलं. कॉलेजात मी विकेटकीपिंग करायचे, पण बोलर काय टाकणार हे मी कधी ठरवलं नव्हतं. कॅचर मात्र जवळजवळ प्रत्येक पिच (बेसबॉलमध्ये टाकला जाणारा चेंडू) सुचवतो. त्यामुळे पिचरला मार पडला की बोट आधी त्याच्याकडे जातं. खरंच चूक त्याची होती का, हे बघायला मी बेसबॉल सॅव्हंट उघडलं. मेजर लीगचीच आकडेवारीची साइट, फुकट.

कॅचरच्या हातांचं मोजमाप इथे अप्रतिम आहे. फ्रेमिंगचं पान घ्या: स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या काल्पनिक चौकटीच्या, कडेवर आलेला, बॅटरने सोडलेला चेंडू कॅचरने असा झेलला का, की अंपायरने स्ट्राइक (अशा तीन झाल्या की बॅटर बाद) दिली? झोनच्या कोणत्या बाजूला तो कमी पडतो, तेही दिसतं. पॉप टाइम म्हणजे चेंडू ग्लव्हमध्ये आल्यापासून, धावणाऱ्या रनरला बाद करायला केलेली फेक दुसऱ्या बेसवर (रनर गाठतो त्या टप्प्यावर) पोचेपर्यंतचा वेळ, 2 सेकंदांच्या आसपास. ब्लॉकिंगचं, म्हणजे मातीत पडलेला चेंडू अडवण्याचं, पान वेगळं. एखाद्या पिचवर क्लिक केलं की व्हिडिओ उघडतो, आणि माझी तर रात्र त्यातच जाते.

पण पिचरांना सांभाळणं? त्याचा रकाना नाही. पिचरने किती वेळा मान हलवून नकार दिला, हेही तिथे सापडत नाही.

सीझन संपल्यावर मी वेनराइटचं पान पुन्हा काढलं. दर 9 इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, 7.40 धावा, बघवत नव्हतं. पण त्याच पानावर चेंडूचा वेगही असतो, आणि तो आदल्या वर्षीपेक्षा उतरलेला. वय 41-42, सीझनच्या तोंडावर जांघेची दुखापत. त्यात 2023 लाच पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायची वेळमर्यादा, आली: त्या वर्षी बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, रनर असेल तर 20. हे सगळं नव्या कॅचरच्या माथी कसं मारायचं? या साइटने मला एका माणसावर अन्याय करण्यापासून वाचवलं. पाचपैकी साडेचार गुण मी त्यासाठीच देते.

उरलेला अर्धा गुण विश्वासाचा. तो थेट मोजता येत नाही, पण शोधायची एक वाट मला सापडली आहे. सर्च पानावर रनर तिसऱ्या बेसवर आणि दोन स्ट्राइक, एवढंच निवडा, आणि पिचरने कर्व्हबॉल (शेवटी खाली वळणारा चेंडू) मातीत टाकायची हिंमत केली का ते पाहा. चेंडू निसटला तर धाव जाणार. मागे बसलेला माणूस तो अडवेल अशी खात्री असेल, तरच पिचर तो टाकतो. डेटा डाउनलोड केला की फिल्डर 2 या रकान्यात त्या पिचचा कॅचर कळतो, म्हणजे एकाच पिचरचे चेंडू कॅचरनुसार वेगळे काढता येतात. मात्र महिन्याभराच्या सामन्यांत असे चेंडू फार थोडे निघतात, तेवढ्यावर कुणाला नापास करू नका.

कॉन्ट्रेरास मेच्या मध्यालाच पुन्हा प्लेटमागे आला. परतल्यानंतरचे त्याचे सामने मी आता याच गाळणीतून, एकेक पिच थांबवून बघते आहे.