ऊन पूर्वेला, पाणी पश्चिमेला: बेळगाव भागात गाडीतलं बिनजोडणीचं घर

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला तीन तासांच्या वाटेवर सौंदत्तीला जेमतेम पाच-सहाशे. विजेची जोडणी न घेता या भागात गाडीत राहायचं तर सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. सौर पॅनेल कुठल्या कंपनीचं, बॅटरी किती मोठी, हे प्रश्न त्यानंतरचे. आम्ही नवरा-बायको एका जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये हिवाळा, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा राहिलो. आता खात्रीने लिहिता येईल इतका वापर झालाय.

छतावर प्रत्येकी 400 वॅटची दोन पॅनेल आहेत. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 25.6 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर, म्हणजे सुमारे 5 युनिट साठा. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा 2 केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर. वायरिंग धरून विजेचा खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास गेला. रोजचा वापर दीड युनिट: थेट बॅटरीवर चालणारा छोटा डीसी फ्रिज अर्धं युनिट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 वॅटचा, दोन लॅपटॉप, दिवे, पाण्याची मोटर. इंडक्शनवर कुकर लावला तर आणखी अर्धं युनिट, म्हणून ते फक्त भरपूर ऊन असलेल्या दिवशी. एरवी 5 किलोचा गॅस सिलिंडर.

बॅटरीबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे: पैसे इथेच घाला. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ही मात्र आम्ही कितीतरी वेळा वीस टक्क्यांपर्यंत नेली, तक्रार नाही. शून्य अंशाखाली चार्ज करू नये एवढंच तिचं पथ्य, आणि बेळगावच्या थंडीत तो प्रश्न येत नाही.

पॅनेलचं गणित मोसमागणिक बदलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला तीन-सव्वातीन युनिट सहज मिळतात. एप्रिलमध्ये ऊन वाढतं, पण छत तापतं. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेल साधारण 0.35 ते 0.4 टक्के ताकद गमावतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात अपेक्षेइतकी वाढ दिसत नाही. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य 51 अंशांवरच असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून बिजागरीची फ्रेम करून घेतली आणि पॅनेल दक्षिणेकडे तिरपं उचलायला लागलो, तेव्हा हिवाळ्यातला फरक रोजच्या आकड्यात दिसला. त्या कारागिरांचं काम इतकं चोख होतं की फ्रेम अजून खुळखुळत नाही. सावलीचंही सांगतो: आंब्याची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर आली तरी उत्पादन मोठ्या टप्प्यात पडतं, कारण आतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. गाडी गार सावलीत लावायची की उन्हात, हा घरातला रोजचा वाद ठरतो. जिंकतं ऊनच.

मग जुलै आला. पश्चिमेला, जांबोटीजवळ ओळखीच्यांच्या शेतात होतो. ढग इतके दाट की दिवसाला अर्धं युनिटही जमा होत नव्हतं. साठा चार-पाच दिवस पुरतो, पुढे अंधार. पाणी मात्र हवं तेवढं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा बाजूचा ताडपत्रीचा मांडव सहा चौरस मीटरचा आहे. पन्नास मिलिमीटरच्या पावसात तीनशे लिटर पाणी उतरतं, आणि आमची टाकी 150 लिटरची! पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग कापडातून गाळून टाकीत, पिण्यासाठी उकळून.

तिथून सौंदत्तीकडे सरकलो. जुलैत तिथेही निरभ्र आकाश नसतं, पण ढग पातळ आणि पळते; दोन युनिट मिळाले. माळावरचा वारा असा की मांडव उघडता येत नाही. पवनचक्क्या तिथे उगीच उभ्या केलेल्या नाहीत. वीज आली आणि पाणी गेलं. काळ्या रानातल्या बोअरचं पाणी जड. कुकरमध्ये आणि फिल्टरवर पांढरा थर बसतो. डोक्यावर अंघोळीचं पाणी घेतलं की केस चिकट होतात. तरी तिथल्या शेतकऱ्यांनी भरभरून पाणी दिलं, वर ज्वारीच्या भाकऱ्या. आमचं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी मोडकं, अडलं काही नाही. जागामालकाला विचारून गाडी लावायची, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. भीमगडच्या अभयारण्याच्या हद्दीत तर रात्री थांबण्याचा विचारही करू नये.

आता पर्यावरणाचं. कणकुंबी ते सौंदत्ती साधारण 130 किलोमीटर. आमची गाडी यात बारा लिटर डिझेल पिते. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका फेरीत बत्तीस किलो. भारतात ग्रिडच्या, म्हणजे तारेवरून येणाऱ्या विजेच्या, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो होतो. त्या हिशेबाने एका फेरीचं प्रदूषण पंचेचाळीस युनिटांइतकं, म्हणजे आमच्या महिन्याभराच्या विजेइतकं. आठवड्याला जागा बदलणारा माणूस छतावर पॅनेल लावून पर्यावरण वाचवत नाही, हे मला फार कळकळीने सांगायचंय. एका जागी महिना-महिना राहिलात तरच याला अर्थ आहे. धनगर हेच करतात: पावसात मेंढरं घेऊन पूर्वेच्या कोरड्या रानात, भातकापणी झाली की पश्चिमेला, मोकळ्या शेतात मेंढ्या बसवायला. आम्हीही आता वर्षातून दोनच मोठी स्थलांतरं ठेवली आहेत.

संडास कोरडा, लघवी वेगळी होणारा. भातगिरणीतून आणलेलं तूस आणि चुलीची राख टाकतो. कोरड्या दिवसांत वास अजिबात नाही. पावसाळ्यात तूसच दमट होतं, तेव्हा मे महिन्यातच दोन पोती प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा चोवीस तास चालू ठेवा. खत वर्षभर मुरवून झाडांना घालतो, भाजीला नाही.

दमटपणा हा इथला खरा शत्रू. गादीखाली फळ्यांच्या मधून हवा खेळली नाही तर आठ दिवसांत बुरशी. छताच्या सांध्यांचं काम ज्या गॅरेजने केलं त्यांनी साधं सिलिकॉन भरलं होतं. पहिल्याच जोराच्या पावसात पलंगावर थेंब पडू लागले. पॉलियुरेथेन सीलंटने पुन्हा करून घेतलं. प्लायवूड उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचंच घ्या.

कागदपत्रं: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत केलेला बदल आरसीवर नोंदवावा लागतो. काम सुरू करण्याआधीच आरटीओत चौकशी करा.

पुढच्या जूनआधी पॅनेल वाढवणार नाही. टाकी 250 लिटरची बसवणार, म्हणजे पश्चिमेचं पाणी पूर्वेला सोबत नेता येईल. भरलेल्या टाकीचं वाढीव वजन शंभर किलो, तेही मागच्या चाकांवर. म्हणून आधी साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा भार वेगवेगळा मोजून घ्यायचाय.