पेमेंटचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही

आंबे, फराळ, साड्या, मसाले, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन काहीही विकत असाल तर हे जरूर वाचा. आमच्या वहिनी पुण्यात घरून देवगड हापूसच्या पेट्या विकतात. गेल्या हंगामात, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी, एका खोट्या स्क्रीनशॉटवर त्यांच्याकडून तीन पेट्या उचलल्या गेल्या. साडेदहा हजारांचा माल होता.

ऑर्डर नव्या नंबरवरून आली. बोलणं सभ्य, भावात घासाघीस नाही. थोड्याच वेळात स्क्रीनशॉट आला. हिरवी खूण, वहिनींचं पूर्ण नाव, बरोबर रक्कम, वेळ, खाली यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. सोबत निरोप, ‘घरी पाहुणे आलेत, माणूस पाठवतोय, लगेच द्या.’ माणूस म्हणजे अ‍ॅपवरून बोलावलेला पार्सलवाला, त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बँकेचा मेसेज आला नाही म्हणून वहिनींनी विचारलं, तर उत्तर आलं, ‘आज रविवार ना ताई, बँक बंद. उद्या सकाळी दिसतील.’ दारात दोन गिऱ्हाइकं उभी, फोनवर तिसरं. पेट्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पासबुक पाहिलं तर त्या रकमेची नोंदच नव्हती. वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘अहो, पण त्यावर माझं नाव होतं.’ बहुतेकांचा विश्वास नेमका त्या नावावरच बसतो. पण तुमचा यूपीआय नंबर कुणीही आपल्या अ‍ॅपमध्ये टाकला की पैसे पाठवायच्या आधीच तिथे तुमचं बँकेतलं नाव दिसतं. त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. ते नाव, जुन्या खऱ्या व्यवहाराचं चित्र आणि फोनमधलं फोटो दुरुस्त करायचं साधं अ‍ॅप, एवढ्यावर असा स्क्रीनशॉट बनतो. हुबेहूब पेमेंट अ‍ॅपसारखी दिसणारी नकली अ‍ॅपही फिरतात. त्यात हवं ते नाव आणि हवी ती रक्कम टाकली की ‘पेमेंट यशस्वी’ असा पडदा येतो, काही तर आवाजही काढतात. म्हणजे दुकानात समोर उभं राहून दाखवलेला फोनही पुरावा नाही.

रविवारची सबब तर निखालस खोटी. यूपीआय सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालतं. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची एनईएफटीसुद्धा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे. सर्व्हर अडकला तर व्यवहार प्रलंबित राहू शकतो, हे खरं. पण मग मालही प्रलंबित ठेवायचा. खरं गिऱ्हाईक थांबतं.

मला सर्वांत जास्त चीड आली ती पुढच्या प्रकाराची. पैसे आले नाहीत असं कळवल्यावर तो माणूस पळाला नाही. उलट म्हणाला, ‘माझ्या खात्यातून गेलेत, मध्येच अडकलेत. मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, लगेच सुटतील.’ आंबे नेऊन त्याचं समाधान झालं नव्हतं, त्याला खातंही हवं होतं. सुदैवाने दादा शेजारीच होता, त्याने फोन काढून घेतला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

त्याआधी दादाने वहिनींना सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढायला लावले, कारण असे लोक मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसून टाकतात. आणि तसंच झालं, थोड्या वेळात त्याचे निम्मे मेसेज गायब. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं की स्क्रीनशॉट निघतो, नव्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं. तारीख, वेळ आणि समोरच्याचा पूर्ण नंबर दिसेल असा काढा. नंबर प्रोफाइल उघडल्यावर दिसतो, तोही घ्या. मूळ चॅट मात्र रागाच्या भरात डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका. तपासात मूळ फोन मागितला जाऊ शकतो.

तक्रार १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, ती आम्ही केली. खात्यातून पैसे गेले असतील तर हा फोन जितका लवकर कराल तितकी रक्कम मध्ये गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत व्यवहारच झाला नव्हता, त्यामुळे बँकेकडे थांबवायला किंवा परत करायला काही नव्हतं. हा माल नेण्याचा गुन्हा, म्हणून पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला. आंब्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

माझं सगळ्या विक्रेत्यांना कळकळीचं सांगणं आहे की ‘पेमेंट करून स्क्रीनशॉट पाठवा’ हे वाक्य आपल्या मेसेजमधून काढून टाका. गिऱ्हाइकाला ही सवय आपणच लावली आणि चोराने तिचा फायदा घेतला. त्याऐवजी यूटीआरचे शेवटचे चार आकडे मागवा आणि ते स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमधल्या नोंदीशी ताडून पाहा. पैसे जमा झाल्याच्या मेसेजवरही डोळे झाकून विसंबू नका. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही.

सर्वांत जास्त धोका आहे तो मालक घरी आणि गल्ल्यावर नोकर अशा दुकानांना. क्यूआर मालकाच्या खात्याचा, मेसेज मालकाच्या फोनवर, आणि त्या पोराला दिसतो फक्त गिऱ्हाइकाचा पडदा. त्याने ओळखायचं कसं? आणि चूक झाली की पगार त्याचाच कापतात. हे मला अजिबात पटत नाही. तिथे पैसे जमा झाले की बोलून सांगणारा साउंडबॉक्स लावा किंवा जमा झाल्याची सूचना त्याच्याही फोनवर जाईल अशी सोय करून द्या.

वहिनी आता ऑर्डर घेतानाच लिहून पाठवतात, ‘रक्कम आमच्या खात्यात दिसल्यावर पेटी निघेल.’ यावर आजवर एकाही जुन्या गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलेलं नाही.