शहराचा मध्यभाग सावरताना: मोठा प्रकल्प की रहिवाशांची गुंतवणूक?

गोव्यातील शहरांच्या मध्यभागातून गेल्या पंचवीस वर्षांत बरेच काही बाहेर गेले. पणजीतली विधानसभा २००० साली मांडवी ओलांडून पर्वरीला गेली आणि सचिवालयाचा कारभारही तिकडेच स्थिरावला. मध्यवर्ती ग्रंथालय मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूतून पाटोच्या संस्कृती भवनात गेले. मडगावात जिल्हाधिकारी कार्यालय माथानी साल्ढाणा प्रशासकीय संकुलात आणि हॉस्पिसियो इस्पितळ नव्या जिल्हा इस्पितळात हलले. यातले एकही स्थलांतर विनाकारण झालेले नाही. जुन्या जागा अपुऱ्या पडत होत्या आणि वाहने उभी करायला वाव उरला नव्हता. मात्र दाखला काढण्यासाठी काणकोणहून आलेला माणूस काम आटोपल्यावर भाजीपाव खाऊन, मडगावच्या गांधी मार्केटमध्ये मसाला आणि न्यू मार्केटमध्ये मुलांचे कपडे घेऊन परतत असे, ती उलाढालही कार्यालयांबरोबरच गेली. मध्यभाग ओस पडतो तो तेथे येण्याचे कारण संपल्यामुळे, आणि ते कारण पुन्हा कसे निर्माण करायचे याचा निर्णय आज अनेकांपुढे आहे: पालिका मंडळापुढे, गाळेधारकांच्या संघटनेपुढे आणि जुन्या घरांच्या वारसांपुढेही.

त्यांच्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली मोठ्या विकास प्रकल्पाची: सरकारी निधी किंवा खासगी भागीदार घेऊन रस्ते, वाहिन्या, बाजार संकुल, बहुमजली वाहनतळ एकदम उभे करायचे. दुसरी स्थानिकांच्या गुंतवणुकीची: घरमालक, भाडेकरू, दुकानदार, पतसंस्था आणि पालिका यांनी लहान लहान रकमा घालून आहे तेच दुरुस्त करायचे आणि वापरात आणायचे. या दोन्ही वाटा पणजीने चालून पाहिल्या आहेत, त्यामुळे मडगाव किंवा म्हापशाने तिचा अनुभव नीट वाचणे हिताचे आहे.

मोठ्या प्रकल्पाची वाट

स्मार्ट सिटी अभियान केंद्राने जून २०१५ मध्ये सुरू केले आणि पुढच्याच वर्षी पणजीची त्यात निवड झाली. प्रत्येक शहराला केंद्राकडून ५०० कोटींपर्यंत आणि राज्याकडून तेवढाच वाटा, अशी त्याची आर्थिक रचना होती. गोव्यातल्या कोणत्याही नगरपालिकेला स्वबळावर एवढी रक्कम कधीच उभारता येणार नाही, आणि पहिल्या वाटेचे खरे बळ यातच आहे. मलनिस्सारण वाहिन्या, पावसाळी गटारे, भूमिगत वीजवाहिन्या ही कामे दुकानदारांच्या वर्गणीतून होत नाहीत आणि एकेका गल्लीपुरतीही करता येत नाहीत, कारण वाहिनीचा उतार सबंध भागाचा एकत्र धरावा लागतो. भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला की पणजीच्या सखल रस्त्यांवर पाणी का साचते, हे ज्याने पाहिले आहे त्याला जमिनीखालच्या कामाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

या वाटेची किंमत मात्र निधीच्या आकड्यात दिसत नाही. एकाच वेळी अनेक रस्ते खोदले गेल्याने पणजीतील व्यापाऱ्यांचे हंगामच्या हंगाम अडचणीत गेले, धुळीची तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोहोचली आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी कामांच्या जागी जाऊन पाहणी केली. सरकारी खात्यासाठी सहा महिन्यांचा उशीर ही कागदावरची मुदतवाढ असते, पण महिन्याच्या विक्रीतूनच महिन्याचे भाडे भरणाऱ्या दुकानदारासाठी तेवढा उशीर दुकानाला कायमचे कुलूप लावणारा ठरू शकतो. निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहतो, हाही प्रश्न आहे. अभियानाची कामे राज्य सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या समान भागीदारीतील स्वतंत्र कंपनीमार्फत झाली. त्यामुळे कामाला एक जबाबदार यंत्रणा मिळते हे खरे, पण आपल्या दारातला खड्डा कधी बुजणार हे विचारायला नागरिक नगरसेवकाकडे जातो आणि नगरसेवक कंपनीकडे बोट दाखवतो, ही स्थिती लोकशाहीला शोभणारी नाही.

बाजार संकुलांविषयी अधिक सावध राहावे लागते. नवे संकुल बांधताना आराखड्यात दुकानांची संख्या वाढते, कारण वरचे मजले मोजले जातात. पण भाजी, मासळी, फुले, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळे-पाने) यांचा ग्राहक जिना चढत नाही. तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तळमजल्यावरच फिरतो. मासळीबाजारात तर ओट्याची उंची, पाणी वाहून नेणाऱ्या मोरीचा उतार आणि बर्फ उतरवायला गाडी किती जवळ येते, या तीन गोष्टींवर विक्रेतीचा दिवस अवलंबून असतो. आराखडा काढणाऱ्याने तिला हे विचारलेले नसेल, तर ती पंधरा दिवसांत बाहेरच्या पदपथावर येऊन बसते आणि मग तिलाच शिस्त नसल्याचा दोष दिला जातो. म्हापशाचा १९६० च्या सुमाराचा बाजार आजही शुक्रवारी फुलतो, याचे मोठे कारण त्याची बैठी, मोकळी, चहूबाजूंनी शिरता येणारी मांडणी हे आहे. तो पाडून बहुमजली संकुल करण्याचा विचार जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा या मांडणीला पर्याय काय, हा पहिला प्रश्न असावा.

स्थानिकांच्या गुंतवणुकीची वाट

या वाटेची दोन परदेशी उदाहरणे उपयोगी आहेत. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात १९६८ मध्ये भुयारी रेल्वे आली, ट्रामने ये-जा करणारा ग्राहक जमिनीखालून जाऊ लागला आणि रस्त्यावरची दुकाने मंदावली. तेथील व्यापाऱ्यांनी स्वतःवरच कर लावून घेण्याची मागणी केली आणि १९७० मध्ये कायद्याने तसा विभाग स्थापन झाला. दिवे, बाके, सफाई, सणांचे कार्यक्रम यांवर तो पैसा खर्च होऊ लागला. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या राष्ट्रीय न्यासाने १९७७ मध्ये तीन लहान शहरांत प्रयोग करून १९८० पासून ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम चालवला, ज्यात संघटन, प्रसिद्धी, वास्तूंची देखभाल आणि व्यवसायवृद्धी ही कामे एकत्र धरली जातात. टोरांटोची खरी शिकवण अशी की वर्गणी सर्वांना बंधनकारक होती. आपल्याकडे स्वेच्छेची वर्गणी सुरू करणे सोपे आहे, पण दहा दुकानदार पैसे देतात आणि चाळीस फक्त लाभ घेतात असे झाले की ते दहाही दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतात. म्हणून सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतले जाणारे शुल्क, आणि गाळेभाडे यांतून पालिकेला मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्याच बाजारावर खर्च करण्याचा ठराव घेणे हा अधिक टिकाऊ मार्ग ठरेल.

घरचे उदाहरण पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीचे. २००० च्या दशकात तेथे भरलेल्या कला महोत्सवात लोकांनी आपल्या घरांचे दिवाणखाने कलादालनांसाठी उघडले, आणि त्या निमित्ताने अनेक दर्शनी भिंती रंगल्या, छपरे शाकारली गेली. सरकारने तेथे नवी इमारत बांधली नाही. घरांत माणसे राहत होती म्हणून तो भाग तगला. मध्यभागात निवासी कुटुंबे आहेत की नाहीत, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, असे माझे मत आहे.

आणि येथेच गोव्याचा सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. मडगावच्या जुन्या बाजारालगतच्या किंवा पणजीच्या आतल्या गल्लीतल्या बंद घरासमोर उभे राहून पाहावे. छपरावरचे एक मंगळुरी कौल सरकलेले असते. पहिल्या पावसात पाणी रिपेवर उतरते, दुसऱ्या वर्षी वासा कुजतो, तिसऱ्या वर्षी चिऱ्याच्या भिंतीत ओल उतरते, आणि कोणी तरी मधल्या काळात चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ती ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. पहिल्या वर्षी एक कामगार आणि शिडी एवढ्यात भागले असते, तेथे दहा वर्षांनी लाखांचा हिशेब करावा लागतो. ते कौल कोणी बदलले नाही, कारण घर कोणा एकाचे नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसा पद्धतीत मुलगा-मुलगी समान वाटेकरी असतात, पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक असते आणि विक्रीला जोडीदाराची संमती लागते. तत्त्व म्हणून ही पद्धत न्याय्य आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हवा. पण तिसऱ्या पिढीपर्यंत एकाच घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात. काही मुंबईत, काही लिस्बनला, काही लंडनला. यावर कायद्यातच उपाय आहे: गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२. इन्व्हेंटरीच्या दाव्यात मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी होते आणि वारसांपैकीच एखादा बोली लावून संपूर्ण घर स्वतःकडे घेऊ शकतो.

बंद घरांवरचे पहिले कुलूप वारसांचे, तर दुसरे भाड्याचे आहे. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या भाडेकरूंचे भाडे अनेक ठिकाणी इतके कमी आहे की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि जागा आपल्या नावावर नसल्यामुळे भाडेकरूही पैसा घालत नाही. यात एकाला खलनायक ठरवून काही साधत नाही, कारण कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण काढले तर मध्यभागातला शिंपी, घड्याळजी, पुस्तकविक्रेता सर्वांत आधी जाईल. व्यवहार्य मार्ग लेखी कराराचा आहे: छपराचा आणि भिंतींचा खर्च दोघांनी ठरावीक प्रमाणात करायचा, भाडे टप्प्याटप्प्याने वाढवायचे आणि भाडेकरूचा ताबा ठरावीक वर्षे अबाधित ठेवायचा.

पैसा, वेळ आणि फसल्याचे परिणाम

मोठ्या प्रकल्पाचा पैसा बाहेरून येतो आणि एकदाच येतो. देखभाल मात्र कायम पालिकेच्या गळ्यात पडते. स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली, आता पुढचा खर्च कोणाचा हे त्या शहरांना स्वतःच पाहावे लागेल. स्थानिक गुंतवणुकीचा पैसा कमी असतो, पण तो घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी तेथेच असतो.

वेळेच्या बाबतीत दोन्ही वाटा मंद आहेत. प्रकल्प निविदेत आणि खोदकामात अडकतो, स्थानिक वाट वारसांच्या सह्यांत. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेवर पहिले घर उघडल्याबरोबर त्याचा उपयोग सुरू होतो, तर अर्धवट संकुलाचा कोणालाच उपयोग नसतो. फसल्यावरचे नुकसानही सारखे नाही. एका घराची दुरुस्ती फसली तर एक कुटुंब अडचणीत येते. बाजाराचे स्थलांतर फसले तर पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक कायमचे दुसरीकडे वळतात.

मात्र स्थानिक वाट आपोआप न्याय्य असते, असे समजू नये. तीत मालकांचा आवाज मोठा असतो. फोंताइन्हासमधली घरे पाहुणेघरे आणि कॅफे होऊ लागली, छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीला रहिवासी कंटाळले, आणि ज्या निवासी वस्तीमुळे तो भाग टिकला तीच वस्ती दबावाखाली आली. ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्या पदपथावरच्या विक्रेत्यांना तर दोन्ही वाटांवर विसरले जाते. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे: सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वी कोणाला हटवता येत नाही, आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली हा कायदा बाजूला सारणारी कोणतीही योजना नाकारावी.

कोणी काय निवडावे

जमिनीखालचे सर्व काही मोठ्या प्रकल्पाकडे द्यावे आणि जमिनीवरचे शक्य तितके स्थानिकांच्या हाती ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. मडगावने आधी रिकाम्या झालेल्या सार्वजनिक वास्तूंचा निर्णय घ्यावा. पालिका चौकाच्या परिसरात दाखले देणारे एखादे नागरी सुविधा केंद्र, अभ्यासिका, संगीत किंवा नाट्यप्रशिक्षणाचे वर्ग परत आणले, तर नव्या संकुलापेक्षा कमी पैशांत रोज येणारी माणसे मिळतील. म्हापशाने बाजाराची बैठी मांडणी राखून मोऱ्या, छप्पर, शौचालये आणि अग्निसुरक्षा यांवर निधी मागावा, आणि वाहनतळ बाजाराच्या आत न बांधता कडेला शोधावा. पणजीत खोदकाम झाले आहे; तेथे आता वाहिन्यांच्या देखभालीची तरतूद आणि निवासी घरांचे पाहुणेघरांत होणारे रूपांतर मर्यादित ठेवणारे नियम, या दोन गोष्टी महापालिकेकडून हव्यात.

जुन्या घराच्या वारसाने बिल्डरच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी इन्व्हेंटरीच्या दाव्याचा खर्च आणि कालावधी वकिलाकडून लेखी घ्यावा आणि छपराच्या दुरुस्तीचा अंदाज जुन्या घरांवर काम केलेल्या गवंड्याकडून करून घ्यावा. पुष्कळदा हे दोन आकडे एकत्र केले तरी घर राखणे आवाक्यातले निघते. आणि गाळेधारकांच्या संघटनेने नव्या संकुलाला संमती देताना चार गोष्टी ठरावात घालून घ्याव्यात: बांधकामाच्या काळात जुन्या बाजाराजवळच पर्यायी जागा, तळमजल्यावर आजच्याच धंद्यांना पहिला हक्क, भाडेकरार ताबा देण्यापूर्वी सहीशिक्का झालेला, आणि मुदत उलटल्यास दर महिन्याची भाडेमाफी.