कोण मरणार हे आत्याला आधीच कळतं: शनिवारी कोणता थ्रिलर बघावा

माझी आत्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहते आणि तिच्यासोबत थ्रिलर बघणं म्हणजे पैसे पाण्यात. हिरो चौदाव्या मजल्यावरून लटकलाय, एकेक बोट सुटून राहिलं, सगळे पोट्टे श्वास रोखून बसलेत, आणि आत्या लसूण सोलता सोलता म्हणते, "काही नाही होत त्याला, लग्न व्हायचंय ना अजून." आणि दरवेळी तिचं बरोबरच निघतं, खरा त्रास तो आहे.

तर परवा आत्तेभावानं विचारलं की शनिवारी मॉलमध्ये मोठ्या हिरोचा नवीन थ्रिलर बघायचा का घरीच काहीतरी जुनं लावायचं, शेवटपर्यंत कोण वाचणार ते कळू नये एवढीच अट. फोनवर सांगायला लागलो तर संपेचना, म्हणून लिहून राहिलो.

मोठ्या हिरोच्या पिक्चरमध्ये कोण वाचणार हे पोस्टरच सांगतं. इंटरव्हलच्या आधी त्याला गोळी लागली तर लोक शांतपणे पॉपकॉर्न आणायला जातात, कारण अजून सव्वा तास बाकी आहे आणि तो सव्वा तास कोणाच्या जिवावर चालणार? त्यात आता पार्ट टू आधीच ठरलेला असतो. धाकधूक राहते ती बाकीच्यांची, आणि त्यातही हिरोचा मित्र बहिणीच्या लग्नाबद्दल बोलला की तो गेलाच समजा. आधी आपल्याकडे असं नव्हतं. १९७५ या एकाच वर्षात 'दीवार' आणि 'शोले' दोन्हीमध्ये अमिताभ मेला, थ्रिलर नव्हते ते, पण हिरो मरू शकतो ही भीती प्रेक्षकाच्या पोटात होती. ती भीती गेली आणि अर्धा सस्पेन्स तिच्यासोबतच गेला असं मला वाटतं.

याच्या एकदम उलट हॉलिवूडचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचा 'सायको', १९६० चा. पिक्चर साठहून जास्त वर्षं जुना आहे त्यामुळे स्पॉयलर म्हणून भांडू नका. जॅनेट ली तेव्हाची मोठी नटी, ४० हजार डॉलर घेऊन पळते, आपण तिच्यासोबत पळतो, पोलीस दिसला की आपल्यालाच घाम फुटतो, आणि पिक्चर अर्ध्यावर यायच्या आत ती बाथरूममध्ये मारली जाते. संपलं. आता कोणाच्या मागे जायचं हेच कळत नाही, कारण जिच्यावर आपण भरवसा ठेवला तीच गेली. हिचकॉकनं तेव्हा उशिरा येणाऱ्यांना आत सोडू नका असा नियम थिएटरवाल्यांना घालून दिला होता, नाहीतर उशिरा आलेला माणूस तिची वाट बघत बसला असता. पण ही युक्ती एकदाच चालते बरं का, तो बाथरूमचा सीन इतक्या ठिकाणी बघून झालाय की आज घरी लावला तर आत्या शॉवर चालू व्हायच्या आधीच बोलेल.

तिसरा प्रकार म्हणजे सगळे सारखेच, कोणीच मोठा नाही. १९७९ चा 'एलियन' घ्या, अंतराळयानात सात जण आणि एक मांजर. नावांच्या यादीत पहिलं नाव टॉम स्केरिटचं आणि तोच कॅप्टन, त्यामुळे तेव्हाच्या लोकांनी त्याच्यावरच पैज लावली असणार. पुढचं सांगत नाही, मांजराचंही नाही. एक गोची मात्र आहे, पुढचे भाग इतके गाजले की त्यांची पोस्टरं बघितली तरी पहिल्याचं उत्तर मिळतं. म्हणून लावायचा असेल तर आधी काहीच सर्च करू नको, थंबनेलकडेसुद्धा बघू नको.

आणि मग रामगोपाल वर्माचा 'कौन', १९९९. एक घर, बाहेर धो धो पाऊस, तीन माणसं: ऊर्मिला, मनोज वाजपेयी, सुशांत सिंग. गाणं एकही नाही, दीड तासात काम तमाम. मनोज दाराबाहेर उभा राहून बेल वाजवत राहतो, आणि त्याचा तो लाडिक, चिकट आवाज ऐकून दार उघड म्हणावं का उघडू नको म्हणावं तेच कळत नाही. इथे प्रश्न नुसता कोण वाचणार हा नाहीच, कोणापासून वाचायचं हाच पत्ता नाही, त्यामुळे पोस्टरवरून हिशोब लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात आत्याला दाखवला होता. पहिल्या दहा मिनिटांत तिनं मनोजला खुनी ठरवलं, मग दुसऱ्याला, मग परत मनोजला, आणि लसूण तसाच ताटात पडून राहिला.

काही जण म्हणतात कोण मरणार ते कळलं तरी काय बिघडतं. हिचकॉकचंच ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे ना, प्रेक्षकाला बॉम्ब माहीत नसेल तर पंधरा सेकंदांचा धक्का, माहीत असेल तर पंधरा मिनिटांचा जीव टांगणीला. पटतं मला, पण शनिवारी तुला ते नकोय, तुला अंदाज चुकवणारा पाहिजे.

आता मेन गोष्ट, जागा. घरी कोणी पाणी प्यायला पॉज केलं की खाली पट्टी दिसते, अजून ४० मिनिटं बाकी, म्हणजे आत्ता चाकूसमोर जी उभी आहे ती मरत नाही, झाला सस्पेन्सचा कचरा. थिएटरात कोणी पॉज करत नाही. शिवाय मे महिन्यात नागपुरात घरी बघायचं म्हणजे कूलर फुल स्पीडवर, ताट्यांतून पाणी टपटपतंय, आणि पडद्यावर कुजबुज चालू असली की सगळे एकमेकांना विचारतात, काय म्हणाला बे? कूलर बंद केला तर खुनाच्या आधी आपणच मरू.

म्हणून माझं मत, रात्री दहानंतर, हवा जरा उतरली की सबटायटल लावून 'कौन' बघा, पण रिमोट एकाच माणसाच्या हातात द्या आणि पाण्याचा माठ आधीच खोलीत आणून ठेवा. आत्यानं तो बघितलेला आहे, त्यामुळे ती येत असेल तर मग सरळ मॉलच, हिरो वाचणार हे माहीत असलं तरी एसी तरी मिळेल, आणि तिला गप्प बसवायचं काम मागच्या रांगेतले लोक करतील.