ताडोबाच्या गेटवर कळलं, आमच्या नावावर काहीच नव्हतं

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी ताडोबाची चौकशी सुरू होते, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. आम्ही फेब्रुवारीत ६२,००० रुपये भरून गेलो होतो आणि मोहर्लीच्या गेटवरून परत फिरलो. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.

आम्ही कराडचे. माझे यजमान, दहा वर्षांचा मुलगा, माझी आई आणि मी. जंगलात कधी कुणी गेलेलं नव्हतं. आईला मरणाआधी एकदा दीक्षाभूमी बघायची होती, मुलाला वाघ बघायचा होता. नागपुरात दोन रात्री आणि पुढे मोहर्लीला दोन रात्री, अशी सहल दोघांनाही जमणारी होती. ओळखीच्या एका ताईंनी एका टूरवाल्याची जाहिरात पाठवली होती. ताई स्वतः त्याच्याबरोबर जाऊन आल्या असतील असं आम्ही धरून चाललो. त्यांनाही ती कुणीतरी पाठवलेलीच होती, हे नंतर कळलं.

तीन ठिकाणी भाव विचारले होते. हा माणूस सगळ्यात स्वस्त नव्हता, मधला होता. फसवणारा नेहमी स्वस्तात देतो अशी माझी समजूत होती, त्यामुळे मधला भाव बघून मी निर्धास्त झाले. बोलणं अतिशय अदबीचं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे म्हटल्यावर नागपुरात लिफ्ट असलेलंच हॉटेल बघतो म्हणाला, आणि तसंच बघितलं. ३८,००० आगाऊ घेतले. आठवड्याभरात तीन सफारींची तीन परमिटं मोबाईलवर आली: सोमवार दुपार, मंगळवार सकाळ, बुधवार सकाळ. तिन्हींवर गेट मोहर्ली, प्रवेश कोअरमध्ये म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, आणि आमची चौघांची नावं.

नागपूरचा भाग अगदी चोख झाला. महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरलो तर बाहेर गाडी उभी. हॉटेल स्वच्छ, खोली पहिल्या मजल्यावर. रविवारी सकाळी तर्री पोहे खाल्ले, मग दीक्षाभूमी. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या जागेवर आई बराच वेळ हात जोडून बसली होती. दुपारी अजब बंगला, म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय पाहिलं. त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, वनविभागाची उरलेली रक्कम आजच भरावी लागते, नाहीतर परमिट रद्द होईल. दोन दिवस सगळं त्याने सांगितल्याबरहुकूम घडलं होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. यजमानांनी तिथल्या तिथे २४,००० पाठवले. खातं दुसऱ्याच नावाचं होतं. विचारलं तर 'ऑफिसचं आहे' म्हणाला.

आता मागे वळून बघताना वाटतं, तेच त्याचं जाळं होतं. हॉटेल आणि गाडी यावर त्याने दहा-बारा हजार खरोखर खर्च केले असतील. शहरातल्या सोयी खऱ्या दिल्या की माणूस जंगलातलंही खरंच असणार असं मानतो, आणि उरलेले पैसे गेटवर पोहोचायच्या आधीच देऊन टाकतो.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास मोहर्ली गेटवर पोहोचलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी छापील यादी पुढे ओढली आणि आमच्या कागदावरचा नोंदणी क्रमांक पेन्सिलीने वरून खाली शोधला. क्रमांक सापडला. मला हायसं वाटलं. मग त्यांनी यजमानांचं नाव विचारलं. एकदा, पुन्हा एकदा. नंतर यादी आमच्याकडे फिरवून म्हणाले, "ताई, या नंबरवर पुण्याचे सहा जण आहेत. ते तर आताच आत गेले."

त्यांनी माझा मोबाईल हातात घेऊन परमिट मोठं करून दाखवलं. बाकीची अक्षरं बारीक होती आणि आमची चार नावं किंचित जाड. मागचा पांढरा रंगही तेवढ्याच पट्टीपुरता वेगळा होता. वीस दिवस तो कागद आमच्याजवळ होता, आम्ही तो नातेवाईकांना कौतुकाने दाखवला होता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, निदान उद्याचं तरी बघा. त्यांनी तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "उद्या मंगळवार. मंगळवारी ताडोबा बंद असतं, ताई."

आई गेटजवळच्या कट्ट्यावर बसली होती, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण गळ्यात. मुलाने वहीत काय काय बघायचं ते लिहून आणलं होतं: ताडोबा तलावातली मगर, तलावाकाठचं तारू देवाचं ठाणं, रस्त्याकडेचे गोंड राजांच्या काळातले दगडी खांब. त्याने वही मिटली आणि काहीच विचारलं नाही. ते मला अजून सहन होत नाही.

त्या माणसाचा फोन बंद. रिसॉर्टवर एका रात्रीचे थोडे पैसे भरलेले होते, बाकी आम्हीच दिले. गाडीच्या ड्रायव्हरलाही डिझेलपुरतेच मिळाले होते, तरी तो बिचारा शेवटपर्यंत आमच्याबरोबर राहिला. खिडकीवरच्या त्याच कर्मचाऱ्यांनी आगरझरीच्या गेटवर फोन करून विचारलं. बफरमधली, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलातली, सफारीची एक जिप्सी रिकामी होती, त्यात आम्ही गेलो. गाईड गावातलीच एक ताई होती. तिने गव्यांचा कळप दाखवला, रानकुत्री दाखवली, वाळलेल्या झाडावरचा सर्पगरुड दाखवला. वाघ दिसला नाही. मुलाने वही पुन्हा उघडली, याबद्दल त्या ताईची मी ऋणी आहे.

संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फसवणूक लक्षात आल्याबरोबर हा नंबर लावा, घरी पोहोचायची वाट बघू नका. व्यवहार क्रमांक आणि पैसे गेले त्या खात्याचा तपशील ते विचारतात. रविवारी रात्री पाठवलेल्या २४,००० पैकी १३,५०० त्या खात्यात अजून होते, ते गोठवले गेले. आमच्या हातात अजून आलेले नाहीत. आधीच्या ३८,०००चा माग लागला नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या माणसाने आमच्याकडून नावं घेतली, वयं घेतली, आई शाकाहारी आहे का तेही विचारलं. एकाही ओळखपत्राचा क्रमांक मात्र घेतला नाही. ताडोबाची सफारी नोंदवताना प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र बघून आत सोडतात. म्हणजे ज्याने आमचा क्रमांक घेतलाच नाही, त्याने आमच्या नावाने नोंदणी केलेली असूच शकत नव्हती. एवढं एक मला माहीत असतं तर आम्ही कराडलाच थांबलो असतो. परमिटवरचा क्रमांक खरा असण्याला काही अर्थ नाही, आमचाही खराच होता. एक खरं परमिट काढायचं आणि त्यावर नावं बदलून ते चार कुटुंबांना विकायचं, असाच हा धंदा असावा असं मला वाटतं. परमिटचे पैसे नोंदणी करतानाच भरले जातात, त्यामुळे आदल्या रात्री कुणी 'वनविभागाची उरलेली रक्कम' मागितली तर एक रुपयाही देऊ नका.

परमिटवरचं गेटही नीट वाचा. मोहर्ली दक्षिणेला, कोलारा उत्तरेला. एका बाजूला मुक्काम आणि दुसऱ्या बाजूचं परमिट असेल तर बाहेरून मोठा वळसा पडतो आणि सकाळची वेळ हुकते. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेटं आहेत. तिथलं जंगलही सुंदर आहे, पण कोअरचे पैसे घेऊन ही गेटं कुणी देत असेल तर ती फसवणूकच आहे. 'शंभर टक्के वाघ' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या. जंगलात रोज जाणारा माणूस असं कधी बोलत नाही.

पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला कोअर पुन्हा उघडतो. नोंदणी आम्ही स्वतः वनविभागाच्या संकेतस्थळावर करणार आहोत, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना हे बघूनच. चौघांची आधार कार्डं मुलाने एका पाकिटात घालून ठेवली आहेत आणि कॅलेंडरवर मंगळवार खोडून ठेवलेत.